मिचेल, मॅकस्टे, हिल, फ्रॅम्प्टन: कॉलिंगवूडच्या एका भरतीचं प्रकरण

मेलबर्नला येऊन मला बरीच वर्षं झाली, पण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कॉलिंगवूड या इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबने घेतलेल्या चार प्लेअरवरून जेवढा वाद ऐकला तेवढा कुठल्याच भरतीवरून ऐकलेला नाही. ऑफिसच्या किचनमध्ये तेच, ट्रेनमध्ये तेच, आणि संध्याकाळी कुंपणापलीकडून शेजारचे म्हातारे गृहस्थ, तेही त्यावरच. त्यांच्या फ्रीजवर त्या वर्षी एक कागद चिकटवलेला होता, त्यावर पेन्सिलने चार नावं आणि चारही नावांपुढे प्रश्नचिन्ह. मिचेल, मॅकस्टे, हिल, फ्रॅम्प्टन. हे प्रकरण नीट मांडावं असं मला तेव्हापासून वाटतंय, कारण यात फॅन लोकांचं जे चुकलं ते मूर्खपणामुळे नाही चुकलं, त्यांच्याकडे कारणं होती आणि चांगली कारणं होती.

ज्यांनी हा गेम बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण बॉक्सिंग डे टेस्ट ज्या एमसीजीवर बघतो त्याच ग्राउंडवर, अख्ख्या ग्राउंडवर, एका बाजूला १८ असे दोन्ही टीमचे प्लेअर. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने बॉल गेला की गोल, ६ पॉइंट, बाजूने गेला तर बिहाइंड, १ पॉइंट. लाथेने लांबून आलेला बॉल हवेतच झेलला, बऱ्याचदा उंच उडी मारून, की मार्क. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

आणि भरती कशी होते तेही सांगायला हवं, कारण खरी भानगड तिथेच आहे. आपल्याकडे आयपीएलमुळे डोक्यात लिलाव बसलाय, इकडे तसं नाही. युरोपातल्या फुटबॉलसारखं कोटी मोजून दुसऱ्या क्लबकडून माणूस विकत घेता येत नाही. प्लेअर हवा तर बदल्यात प्लेअर द्या नाहीतर ड्राफ्टमधला, म्हणजे नवीन पोरं निवडायच्या रांगेतला, आपला नंबर द्या, म्हणजे कॉलेज ॲडमिशनमध्ये मेरिट लिस्टवरची आपली जागा दुसऱ्याला द्यावी तसं, त्याला पिक म्हणतात. एखादा प्लेअर एकाच क्लबकडे बरीच वर्षं राहिला आणि करार संपला तर तो फ्री एजंट म्हणून जाऊ शकतो. आणि या सगळ्यावर सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा, अठराही क्लबला एकच नियम. म्हणजे कुणाला आणायचं असेल तर त्याच्या पगाराची जागा आधी मोकळी करायला लागते, आणि जागा मोकळी करायची म्हणजे कुणाला तरी घालवायचं. फॅनच्या जिवाला लागतं ते हे घालवणं.

कॉलिंगवूडच्या फॅनना ते फार लागलेलं होतं. २०२० च्या शेवटी सॅलरी कॅपचं गणित बिघडलं म्हणून क्लबने ॲडम ट्रेलोर, जेडन स्टीफन्सन, टॉम फिलिप्स अशी माणसं एका झटक्यात बाहेर काढली आणि बदल्यात जे मिळालं ते बघून लोकं अक्षरशः रडली. पुढच्या फेब्रुवारीत क्लबमधल्या वंशवादावरचा ‘डू बेटर’ अहवाल बाहेर आला, त्यात क्लबमध्ये हा रोग मुरलेला आहे असं स्पष्ट म्हटलं होतं, आणि अनेक वर्षांचे प्रेसिडेंट एडी मॅग्वायर यांना पायउतार व्हावं लागलं. २०२१ च्या मध्यात कोच नेथन बकली गेले. टीम १८ पैकी १७ वी आली. असं सगळं झाल्यावर क्लब म्हणाला ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ तर कोण ठेवणार.

मग २०२२ ला क्रेग मॅक्रे कोच झाले आणि १७ व्या नंबरची टीम चौथ्या नंबरवर गेली. मध्ये सलग ११ मॅच जिंकल्या, त्यातल्या कितीतरी शेवटच्या मिनिटाला, एका लाथेच्या फरकाने. फायनल्समध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, मात्र पहिली मॅच जिलॉन्गशी ६ पॉइंटने गेली, आणि प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे आपली सेमीफायनल, सिडनीशी ९५-९४, एका पॉइंटने. दोन पराभव मिळून सात पॉइंट!

सगळा वाद या सात पॉइंटमधूनच निघालाय. एका गटाचं म्हणणं, अहो आपण सातच पॉइंटने मागे आहोत, टीमला हात लावू नका, पोरं मोठी होतील, निक डेकोसचं तर पहिलंच वर्ष होतं, हेच पुढच्या वर्षी जिंकतील. दुसऱ्या गटाचं म्हणणं बरोबर उलटं, एका लाथेच्या फरकाने एवढ्या मॅच जिंकणं हे नशीब आहे, नशीब दरवर्षी येत नाही, मधल्या फळीत बॉल जिंकायलाच आपण कमी पडतोय, ते आत्ताच दुरुस्त करा. दोन्ही गट एकाच आकड्याकडे बघत होते. क्लब दुसऱ्या गटाच्या बाजूने गेला, आणि त्यासाठी त्याने जे केलं ते फॅनना पटणं शक्यच नव्हतं.

ब्रॉडी ग्रंडीला घालवलं. ग्रंडी म्हणजे रक, उंच माणूस, अंपायरने बॉल वर उडवला की उडी मारून आपल्या पोरांकडे ढकलणारा. क्लबचा सर्वोत्कृष्ट प्लेअरचा कोपलँड ट्रॉफी मान त्याला दोनदा मिळालेला, दोनदा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम टीममध्ये निवड, आणि २०२० ला सात वर्षांचा करार. म्हणजे २०२२ ला त्याची अजून पाच वर्षं बाकी होती. त्या सीझनला ॲन्झॅक डेच्या, म्हणजे २५ एप्रिलच्या सैनिक स्मरणदिनाच्या, मॅचला गुडघा दुखावला आणि तो जवळपास बाहेरच राहिला, त्याच्याशिवाय डार्सी कॅमरन आणि टेक्सासचा मेसन कॉक्स या दोघांनी काम निभावलं, टीम चौथी आली. क्लबने हिशोब केला की एवढा पगार एकाच रकवर नको, आणि त्याला मेलबर्न क्लबला दिलं, बदल्यात पिक २७, वर त्याच्या पगारातला काही वाटा कॉलिंगवूडनेच भरायचा. शेजारचे म्हातारे मला म्हणाले, ‘आपला माणूस द्यायचा, वर पैसेही आपणच द्यायचे?’ मला उत्तर सुचलं नाही. हा सौदा कागदावर वाईटच दिसत होता, आणि फॅनकडे कागदच असतो, आतलं गणित नसतं.

त्याच वेळी ऑली हेन्री नावाचा कोवळा फॉरवर्ड, पहिल्या फेरीत घेतलेला पोरगा, घरी जिलॉन्गला जायचंय म्हणाला, त्याचा भाऊ तिथे खेळतो. तीन क्लबमध्ये मिळून सौदा झाला, हेन्री जिलॉन्गला, जिलॉन्गचा एक पोरगा हॉथॉर्नला, आणि हॉथॉर्नचा टॉम मिचेल कॉलिंगवूडला.

आता मिचेल. २०१८ चा ब्राउनलो मेडल विजेता, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम प्लेअर. त्याच सीझनच्या पहिल्या मॅचला एकट्याने ५४ वेळा बॉल हाताळलेला, लीगचा रेकॉर्ड, आणि तो कुणाविरुद्ध, तर कॉलिंगवूडविरुद्धच, एमसीजीवर. त्यामुळे नाव सगळ्यांना पाठ. पण नंतर २०१९ च्या जानेवारीत प्रॅक्टिसला पाय मोडला, अख्खा सीझन गेला, आणि कॉलिंगवूडला आला तेव्हा वय २९. फॅनचं म्हणणं होतं की तो हळू आहे, बॉल भरपूर घेतो पण पुढे नेत नाही, आपली टीम तर वाऱ्यासारखी पळणारी, हा त्यात कुठे बसणार. यात खोटं काहीच नव्हतं, मिचेल हळू होता. पण त्याला पळायला आणलंच नव्हतं. गर्दीत, सगळे एकमेकांवर पडलेले असताना, खाली वाकून बॉल उचलायचा आणि दोन हातांवरच्या पळणाऱ्या पोराकडे द्यायचा, एवढंच काम. गावात विहिरीतून पाणी काढणारा एक आणि शेतात पाट फिरवणारा दुसरा असायचा, तसं. पाट फिरवणारी पोरं कॉलिंगवूडकडे भरपूर होती. मला हे तेव्हा कळलं होतं असं मी म्हणणार नाही, मीही त्याच्या वयावरच बोट ठेवत होतो.

डॅन मॅकस्टेवरून तर घरोघरी चर्चा. ब्रिस्बेनचा उंच फॉरवर्ड, फ्री एजंट म्हणून आला, पाच वर्षांचा करार. फॅन गोल मोजायचे आणि विचारायचे की इतके कमी गोल मारणाऱ्याला पाच वर्षं कशाला. पण उंच फॉरवर्डचं अर्धं काम गोल मारणं नसतंच, समोरच्या डिफेंडरने आरामात मार्क घेऊ नये म्हणून अंगावर जाणं, बॉल खाली पाडणं, आणि खाली उभ्या असलेल्या छोट्या चपळ पोरांना तो मिळवून देणं. हे आकड्यात दिसत नाही. शिवाय मॅक्रेंचे सहकारी जस्टिन लेपिच, ते आधी ब्रिस्बेनचे हेड कोच होते आणि २०१४ ला मॅकस्टेने पहिली मॅच त्यांच्याच हाताखाली खेळली. माणूस ओळखीचा होता, आंधळी कोशिंबीर नव्हती.

बॉबी हिलबद्दल मला जास्त लिहायचंय. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थमचा पोरगा, २०१८ च्या ड्राफ्टमध्ये २४ व्या नंबरला ग्रेटर वेस्टर्न सिडनीने घेतलेला. २०२१ ला तो त्यांच्याकडे म्हणाला मला एसेंडनला जाऊ द्या, सौदा झाला नाही, राहिला. २०२२ ला त्याला वृषणाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, सीझन गेला, पोराचं वय २२. आणि त्या वर्षाच्या शेवटी कॉलिंगवूडने त्याला घेतलं. फॅन काय म्हणत होते? वाईट कुणीच बोलत नव्हतं, सगळ्यांना त्याच्याबद्दल माया होती, पण प्रश्न होताच, की आपल्याकडे जॅक गिनिव्हनसारखा छोटा फॉरवर्ड आहे, त्याने नुकतेच सीझनमध्ये ४० गोल मारलेत, मग अजून एक छोटा कशाला. आणि अजून एक गोष्ट होती ती लोकं हळू आवाजात बोलायची. हिल आदिवासी, फर्स्ट नेशन्सचा. या क्लबने अशा पोरांना काय दिलंय ते सगळ्यांना माहीत होतं. १९९३ ला कॉलिंगवूडच्याच व्हिक्टोरिया पार्कवर सेंट किल्डाच्या निकी विनमारने प्रेक्षकांच्या शिव्या ऐकून जर्सी वर करून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं होतं, तो फोटो या देशात प्रत्येकाने बघितलाय. ‘डू बेटर’ येऊन जेमतेम पावणेदोन वर्षं झाली होती. तरी तो या क्लबला यायला तयार झाला, हे मला त्या अख्ख्या ऑक्टोबरमधलं सगळ्यात मोठं काम वाटतं, पण त्यावर बोलणं सगळ्यात कमी झालं.

बिली फ्रॅम्प्टन. दोन मीटर उंच, आधी पोर्ट ॲडलेड, मग ॲडलेड, दोन्हीकडे मॅच थोड्याच. त्याच्यावर चर्चा म्हणजे ‘हा कोण?’ एवढीच. आणि ज्याच्यावर तेवढीही झाली नाही तो ओलेग मार्कोव्ह, त्याला गोल्ड कोस्टने काढलं होतं, २०२३ च्या सुरुवातीला सीझन तोंडावर असताना कॉलिंगवूडने लिस्टमधली रिकामी जागा भरायला घेतला. बेलारुसमध्ये जन्मलेला, याचे वडील दिमित्री मार्कोव्ह २००१ चे पोल व्हॉल्टचे वर्ल्ड चॅम्पियन. म्हाताऱ्यांच्या कागदावर त्याचं नाव नव्हतंच.

२०२३ च्या पहिल्याच मॅचला जेरेमी हाऊचा हात मोडला, बघवत नव्हतं इतका वाईट. मागची फळी उघडी पडली आणि तिथे कोण गेलं तर ‘हा कोण’वाला फ्रॅम्प्टन. मार्कोव्ह मागून बॉल घेऊन पळायला लागला आणि टीममध्ये रुजला. मिचेल गर्दीत वाकून बॉल काढत राहिला. टीमने २३ पैकी १८ मॅच जिंकल्या, टेबलवर पहिली. सीझनच्या शेवटी शेवटी निक डेकोसच्या गुडघ्याला फ्रॅक्चर झालं, तो फायनल्सच्या पहिल्या मॅचला नव्हता, तरी मेलबर्नला ६०-५३ ने हरवलं. त्या मॅचला मेलबर्नच्या टीममध्ये ग्रंडी नव्हता, त्यांनी त्याला निवडलंच नाही, कारण मॅक्स गॉन आणि तो असे दोन रक एकत्र काही जमले नाहीत. याचा आनंद मानणारे फॅन मी बघितले, मला नाही आवडलं. त्या माणसाने क्लबला दहा वर्षं दिली होती.

प्रिलिमिनरी फायनल हिलच्या जुन्या क्लबशी, ५८-५७, पुन्हा एक पॉइंट, यावेळी आपल्या बाजूने. पण मॅकस्टेच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. आणि ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाची शेवटची मॅच, कुणाशी? ब्रिस्बेनशी, ज्यांच्याकडे तो नऊ वर्षं होता.

त्या आठवड्यात गुरुवारी अनंत चतुर्दशी होती, आम्ही गणपती बोळवले, शुक्रवारी इकडे ग्रँड फायनलची सुट्टी आणि दोन्ही टीमची शहरातून मिरवणूक, लहान पोरं खांद्यावर, काळे-पांढरे झेंडे, मला क्षणभर लक्ष्मी रोडच आठवला. शनिवारी, ३० सप्टेंबर, एमसीजीवर १,००,०२४ माणसं. सकाळीच कोच मॅक्रेंच्या घरी मुलगी जन्मली होती, आणि ते तिथून ग्राउंडवर आले. हेच मॅक्रे २००२ आणि २००३ ला ब्रिस्बेनकडून खेळताना कॉलिंगवूडला ग्रँड फायनलमध्ये हरवून गेलेले.

मॅच आम्ही शेजाऱ्यांच्या घरी बघितली, मी मिसळ करून नेली होती, त्यांनी तर्री बाजूला ठेवून खाल्ली.

मॅकस्टेच्या जागी फ्रॅम्प्टन, आणि सीझनभर मागे खेळवलेल्या माणसाला मॅक्रेंनी पुढे उभा केला. टीव्हीवर बॉलकडे बघितलं तर तो दिसतच नव्हता. म्हाताऱ्यांनी मला सांगितलं, बॉल सोड, हॅरिस अँड्र्यूजकडे बघ. अँड्र्यूज म्हणजे ब्रिस्बेनच्या मागच्या फळीचा खांब, तिकडे आलेला उंच बॉल तो मोकळा उडून ठोकून काढतो. मी बघायला लागलो. प्रत्येक वेळी अँड्र्यूज धावायला पाय उचलणार तेवढ्यात फ्रॅम्प्टन अंगाला येऊन चिकटलेला. स्वतः बॉल घ्यायची धडपड नाही, नुसतं त्याला मोकळं होऊ द्यायचं नाही. त्या रिकाम्या झालेल्या जागेत कोण शिरत होतं? बॉबी हिल.

दुसऱ्या क्वार्टरमधला तो मार्क. बॉल उंचावरून येतोय, ब्रिस्बेनचा स्टारसेविच खाली वाट बघत उभा, आणि हिल मागून धावत येऊन त्याच्या खांद्यावर चढला, गुडघे वर, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि बॉल हातात चिकटला. म्हातारे उभे राहिले, काही बोलले नाहीत, नुसते उभे. हिलने त्या दिवशी चार गोल मारले. स्कोअर बघा, कॉलिंगवूड १२ गोल १८ बिहाइंड, ९०. ब्रिस्बेन १३ गोल ८ बिहाइंड, ८६. गोल ब्रिस्बेनचे जास्त! शेवटच्या क्वार्टरला आघाडी इकडून तिकडे गेली, जॉर्डन डी गोई आणि स्टील साइडबॉटम यांचे गोल आले, आणि चार पॉइंटने १६ वी प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद. नॉर्म स्मिथ मेडल, ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम प्लेअरचं, ते बॉबी हिलला. ज्या क्लबच्या मैदानावर विनमारला जर्सी वर करावी लागली त्या क्लबचे हजारो लोक एका आदिवासी पोराचं नाव घेऊन ओरडत होते. एवढ्याने जुना हिशोब फिटत नाही, पण मी ते ऐकलं आणि डोळे भरून आले.

आता प्रकरण म्हणून माझं मत. फॅनचा हिशोब नावांचा होता: वय किती, गोल किती, कोण गेला, कोण आला. क्लबच्या फुटबॉल विभागाचे तेव्हाचे प्रमुख ग्रॅहम राईट, स्वतः १९९० ची प्रीमियरशिप खेळलेले, आणि मॅक्रे, यांचा हिशोब कामांचा होता. टीममध्ये कुठलं काम कुणीच करत नाही, त्याला माणूस शोधा. एक ग्रंडी काढला तर त्या पगारात अशी कितीतरी कामं बसली. पण क्लबचं सगळंच बरोबर होतं असंही मी मानत नाही. ग्रंडीला सात वर्षांचा करार त्याच क्लबने दिला होता, आणि फॅनचा राग त्या चुकीवर होता, तो रास्तच होता. शिवाय सात पॉइंटने हरलेली टीम चार पॉइंटने जिंकली, एखादी लाथ इकडची तिकडे झाली असती तर हेच चार प्लेअर चुकीची भरती म्हणून सांगितले गेले असते. म्हणून मी निकाल बाजूला ठेवून फ्रॅम्प्टन-अँड्र्यूज हा भाग महत्त्वाचा मानतो, तिथे नशीब नव्हतं, तिथे ठरवलेलं काम होतं.

पुढचं वर्ष वाईट गेलं तेही सांगतो. प्रीसीझनलाच मॅकस्टेचं गुडघ्याचं मोठं लिगामेंट तुटलं, मिचेल पायाच्या दुखण्याने जवळजवळ सगळा सीझन बाहेर, टीम ९ वी, फायनल्स हुकल्या. ‘२९ वर्षांचा’ म्हणणारे लोक परत आले, आणि त्यांचं म्हणणं तेव्हा खरं ठरलं, एवढंच की मधल्या काळात एक प्रीमियरशिप येऊन गेली होती.

मॅकस्टेला मेडल नाही मिळालं, नियम तसाच आहे, ग्रँड फायनलच्या टीममध्ये असेल त्यालाच मिळतं. मॅचनंतर दोन-तीन दिवसांनी मी मिसळीचं पातेलं आणायला शेजारी गेलो तेव्हा फ्रीजवरचा कागद तसाच होता. तीन प्रश्नचिन्हं खोडलेली. मॅकस्टेपुढचंही खोडलेलं होतं, पण ते रबराने, नीट, खूण राहू नये असं. मी विचारलं, तो तर खेळलाच नाही ना? ते म्हणाले, ‘प्रिलिमिनरीला एका पॉइंटने जिंकलो, तेव्हा होता ना तो.’ मग पेन्सिल घेऊन खाली एक नाव जोडलं, मार्कोव्ह. आणि काही आठवड्यांनी फ्रीमँटलचा लॅची शुल्ट्झ आला, त्याच्यासाठी क्लबने पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक दिला, तेव्हा नवीन कागद लागला, नवीन प्रश्नचिन्हासकट, आणि कुंपणापलीकडून मला हाक आली.